अतिवृष्टीच्या पाण्याचे प्रारूप: एसडब्ल्यूएमएम की हेक-रास?

मराठवाड्यातल्या एखाद्या नगरपरिषदेसाठी पावसाळी पाण्याचा आराखडा हाती घेतला की पाण्याची चाल संगणकावर मांडणाऱ्या, म्हणजे त्याचे प्रारूप करणाऱ्या सॉफ्टवेअरची चर्चा बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते: नळ्या-नाल्यांतला प्रवाह काढणारे एसडब्ल्यूएमएम (SWMM) आणि जमिनीवर सगळ्या दिशांनी पसरणारे पाणी दाखवणारी हेक-रासची (HEC-RAS) द्विमितीय पद्धत. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींच्या मागे अमेरिकेतील सरकारी संस्था आहेत आणि दोन्हींवर शिकण्यासारखे साहित्य मुबलक आहे, त्यामुळे निवड किमतीवर किंवा उपलब्धतेवर ठरत नाही. माझा अनुभव मोजक्या लहान शहरांपुरता आहे, तो त्याच मर्यादेत घ्यावा.

आधी प्रश्न नीट मांडला पाहिजे. नांदेडला गोदावरी किंवा बीडला बिंदुसरा पात्र सोडून वस्तीत शिरते, तो नदीचा पूर. त्यासाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. तासाभरात कोसळलेल्या पावसाने मात्र या रेषांपासून कितीतरी दूरची, बाजारामागची सखल गल्ली गुडघाभर पाण्यात जाते. तिथे नदीचा संबंध नसतो. नाली भरल्यावर उरलेले पाणी कोणत्या वाटेने जाते आणि कुठे साचते, एवढेच शोधायचे असते.

एसडब्ल्यूएमएम १९७१ पासून वापरात आहे आणि नळ्या-नाल्यांच्या जाळ्याच्या हिशेबात आजही पक्के आहे. पाणलोटाचे तुकडे, चेंबर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या किंवा उघड्या नाल्या अशी मांडणी केली की कोणता टप्पा अपुरा आहे, गाळाने निम्मी भरलेली नाली किती पाणी कमी वाहते आणि व्यास वाढवल्यास काय फरक पडतो, हे काही मिनिटांत कळते. दहा हेक्टरच्या, बहुतांशी काँक्रीटने झाकलेल्या वस्तीवर तासाला ५० मिमी वेगाने पाऊस पडला आणि त्यातले ८० टक्के पाणी वाहून आले, तर नेहमीच्या सूत्राने सेकंदाला सुमारे १.१ घनमीटर प्रवाह मिळतो. एवढे प्राथमिक गणित हातानेही होते. या प्रवाहाचा पुढचा प्रवास, वरच्या बाजूला तुंबणारे पाणी आणि वेळेचा हिशेब यांसाठी एसडब्ल्यूएमएम लागते.

माझी अडचण चेंबरच्या तोंडाशी सुरू झाली. चेंबर भरून पाणी वर आले की मूळ मांडणीत ते पाणी हिशेबातूनच बाहेर जाते. साचू देण्याचा पर्याय निवडला तर ते त्याच चेंबरवर उभे राहते आणि जागा झाली की त्याच चेंबरमध्ये परत उतरते. उताराच्या शहरात असे कधी होत नाही. वर आलेले पाणी रस्ता ओलांडते, शाळेच्या भिंतीला अडते, वळते आणि भलत्याच नालीत किंवा कुणाच्या तरी ओसरीत शिरते. रस्ताच दुसरा प्रवाहमार्ग म्हणून दाखवता येतो आणि ५.२ आवृत्तीत रस्त्याचे छेद व पाणी आत घेणारी तोंडे मांडण्याची चांगली सोयही आली आहे. पण मग पाण्याने कोणत्या गल्लीने जायचे हे प्रारूप करणाऱ्यानेच आधी ठरवावे लागते. जे उत्तर शोधायला बसलो, तेच गृहीत धरून गणित चालवायचे, ही गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही. त्यात आपल्याकडे चेंबरच्या तळाच्या पातळ्यांची नोंद क्वचितच मिळते, आणि त्या अंदाजाने भरल्या तर जाळ्याच्या हिशेबातला नेमकेपणाच जातो.

हेक-रासमध्ये पाऊस थेट भूपृष्ठाच्या जाळीवर, म्हणजे लहान तुकडे पाडलेल्या जमिनीच्या उंचीच्या नकाशावर, पाडता येतो आणि पाणी आपली वाट स्वतः काढते. २०२१ च्या ६.० आवृत्तीपासून जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचाही हिशेब होतो. उघड्या नाल्यांच्या, उताराच्या एका गावात या प्रारूपाने पाण्याची जी वाट दाखवली, ती घेऊन आम्ही गल्ल्यांतून फिरलो. एका पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर ओलीची पांढुरकी रेघ होती, तिच्यावर नवा रंगही टिकलेला नव्हता, आणि गिरणीवाल्याने तिच्याहून वीतभर वर हात ठेवून पाणी इथपर्यंत आले होते असे सांगितले. नगरपरिषदेच्या सखल भागांच्या यादीत ती गल्ली नव्हती, प्रारूपात होती. मोजमाप म्हणून याला फार वजन देता येणार नाही, पण माझा कल तेव्हापासून बदलला.

या पद्धतीचा जाच मोऱ्यांचा आहे. भूपृष्ठाच्या नकाशात रस्त्याचा भराव बांधासारखा दिसतो आणि त्याखालची मोरी दिसतच नाही, म्हणून प्रत्यक्षात सहज निघून जाणारे पाणी प्रारूपात भरावामागे तळे करून बसते. प्रत्येक मोरी आणि नळकांडी पूल जागेवर जाऊन मोजावा लागतो, त्यातला गाळही पाहावा लागतो. ३० मीटर अंतराने उंची देणारा मोफत उपग्रह नकाशा गल्लीच्या कामाला उपयोगी नाही. ड्रोनने केलेले सर्वेक्षण लागते आणि त्याचा खर्च आराखड्याच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा.

पावसाच्या आकड्यांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. नोंद बहुधा २४ तासांची मिळते. ती तासावर आणण्यासाठी घनमुळाचे जे सूत्र वापरतात, त्यानुसार १०० मिमीच्या दिवसातून तासाला सुमारे ३५ मिमी येतात, आणि परतीच्या वळवासारख्या पावसाला हा आकडा कमी पडतो असे मला वाटते. काळ्या जमिनीचेही भान ठेवावे: जूनच्या भेगाळलेल्या रानात पहिले पाणी गडप होते, तर सप्टेंबरमध्ये फुगलेली तीच माती जवळपास सगळे पाणी शहराकडे सोडते, म्हणून मुरण्याचे आकडे दोन हंगामांसाठी वेगवेगळे धरणे बरे.

आपल्या शहरात बंदिस्त नळ्यांचे जाळे असेल आणि त्याच्या पातळ्या विश्वासाने हाती असतील, तर एसडब्ल्यूएमएम घ्यायला माझा विरोध नाही. उघड्या नाल्या, अतिक्रमणाने आवळलेले ओढे आणि कागदपत्रांचा अभाव असेल, तर मी हेक-रासपासून सुरुवात करण्यास सुचवीन. त्याच्या ६.६ आवृत्तीत नळ्यांचे जाळेही जोडता येऊ लागले आहे. पण ही सोय नवी असल्याने एखाद्या रस्त्याखालच्या नळीचा व्यास ठरवायचा असतो, तेव्हा तेवढ्या कामापुरते मी अजूनही एसडब्ल्यूएमएमच उघडतो.