डॅशकॅमचा पार्किंग मोड रात्रभर का टिकत नाही: हार्डवायर किट वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या सोसायटीत जागा कमी, गाड्या जास्त, त्यामुळे माझी हॅचबॅक पुण्यात रात्री रस्त्यावरच उभी असते. कोणी बंपर घासून गेलं तर विचारायचं कोणाला? म्हणून पुढे-मागे दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम घेतला आणि ॲक्सेसरीजच्या दुकानातून हार्डवायर किट, म्हणजे कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूज बॉक्समधून वीज देणारं वायरिंग, बसवून घेतलं. आता त्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून झालाय. चालत्या गाडीतल्या रेकॉर्डिंगबद्दल तक्रार नाही. डोकं खाल्लं ते पार्किंग मोडनं, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा जागा ठेवणाऱ्या सोयीनं.

गाडी लॉक केली की मोड बरोबर सुरू व्हायचा, आणि साधारण वीस मिनिटांत कॅमेरा पूर्ण बंद. दुकानदाराचं म्हणणं, कॅमेराच खराब आहे, बदलून घ्या. मला ते पटेना, कारण दिवसभर तोच कॅमेरा एकही फाइल चुकवत नव्हता.

किटमधून तीन वायर येतात. एक कायम चालू असलेल्या सप्लायला, दुसरी फक्त इग्निशनवर चालू होणाऱ्या सप्लायला म्हणजे एसीसीला, आणि तिसरी अर्थिंगला. बहुतेक किटमध्ये पिवळी, लाल आणि काळी असा क्रम असतो, पण रंगावर विसंबू नका, किटसोबतचा कागद बघा. पहिल्या दोन वायरची अदलाबदल झाली तर चावी काढताक्षणी कॅमेरा जातो. दोन्ही कायम चालू फ्यूजवर गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी उभी आहे हे कळतच नाही, तो रात्रभर नेहमीसारखं रेकॉर्ड करत बॅटरी पितो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवलं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं, आणि रिमोटनं लॉक केलं. (उठताना लॅच आठवणीनं मोकळं करा, नाहीतर दार आपटून ते वाकेल.) फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, फ्यूज न काढता तिथेच प्रोब टेकवता येतो. काळा प्रोब बॉडीच्या बोल्टवर धरला. दुकानदारानं कायम सप्लायच्या वायरसाठी घेतलेल्या फ्यूजवर 12.5 व्होल्ट दिसत होते. बराच वेळ तसेच राहिले, मग डॅशबोर्डच्या आतून रिलेचा ‘टक्’ आवाज आला आणि आकडा शून्यावर आला. हल्लीच्या गाड्यांमध्ये बॅटरी वाचवायला कंट्रोल युनिट केबिनमधले काही सप्लाय थोड्या वेळानं स्वतःच तोडतं. चावी काढल्याबरोबर तपासलं तर असा फ्यूज ‘कायम चालू’च वाटतो. हॅझर्ड लाइटचा फ्यूज मात्र तासाभरानंतरही जिवंत होता. वायर तिथे हलवली आणि तो प्रश्न संपला. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला मात्र कोणी कितीही सांगितलं तरी हात लावू देऊ नका.

तरीही पहाटेचं रेकॉर्डिंग मिळेना. आता कॅमेरा मध्यरात्रीनंतर बंद पडत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.5 व्होल्ट आणि कॅमेरा चालू असताना किटच्या टोकाला 12.2! मधले 0.3 व्होल्ट अर्थिंग खात होतं. काळी वायर रंग दिलेल्या पत्र्यावरच्या प्लास्टिक ट्रिमच्या स्क्रूला अडकवलेली होती. ती काढून बॉडीच्या मूळ अर्थिंग बोल्टवर घट्ट बसवली, आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे झाले. किट टोकाला मिळणारं व्होल्टेज बघून सप्लाय तोडतं, त्यामुळे खराब अर्थिंग असलं की चांगली बॅटरीही त्याला उतरलेली वाटते. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात आणि इलेक्ट्रिशियन लोक नेमकं हेच तपासत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

कट-ऑफ, म्हणजे किट ज्या व्होल्टेजला सप्लाय तोडतं तो आकडा, मी 12.2 व्होल्टवर ठेवलाय. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत 12.6 च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे साधारण निम्मा. 11.8 चा पर्याय किटवर असतो, पण तिथपर्यंत बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते आणि रोज तसं केलं तर तिचं आयुष्य कमी होतं. हिशेब सोपा आहे. दोन कॅमेरे मिळून सुमारे 0.3 अँपिअर घेतात, दहा तासांत 3 अँपिअर-अवर. माझी बॅटरी 35 अँपिअर-अवरची, म्हणजे एक रात्र आरामात निघते. पण रोजचं जाणं-येणं दहा-पंधरा मिनिटांचं असेल तर गेलेलं चार्जिंग भरून निघत नाही आणि मोड दर रात्री थोडा लवकर बंद होऊ लागतो. त्याला बिघाड समजू नका, अधूनमधून गाडी लांब काढा.

एकदा पुरावा खरंच हवा होता तेव्हा फाइलच नव्हती. धक्का ओळखणारा जी-सेन्सर ‘हाय’वर होता, शेजारून डंपर गेला तरी क्लिप लॉक व्हायची. कार्ड भरलं की जुन्या फाइल पुसून नव्या लिहिणारं लूप रेकॉर्डिंग लॉक झालेल्या फाइल पुसत नाही, त्यामुळे कार्ड भरून गेलं होतं. आता पार्किंगसाठी सेन्सर ‘लो’ ठेवतो, कार्ड हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, घेतलंय आणि ते दर महिन्याला कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो.

डॅशकॅम घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) आहे, एवढं नक्की विचारावं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या काचेमागे लिथियम फुगू शकते. माझा सुपरकपॅसिटरवाला आहे, तरी त्या दिवसांत दुपारी पार्किंग मोड बंदच ठेवतो. गावाला जाताना गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर किटचा कायम सप्लायचा फ्यूज काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो.