अंगणातली आठ फुटी पत्र्याची टाकी: कोणाला परवडते, किती टिकते

गुरांना पाणी पाजायची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची, टाकी अंगणात ठेवायची आणि तिचा डुंबायचा हौद करायचा, ही मूळची अमेरिकेतली पद्धत. नेरुळ, खारघरच्या रो हाऊसमागच्या जागेत अशी गोल टाकी मावते आणि मे महिन्यात तिचा आनंदही मोठा असतो. पण ही टाकी विकत घेताना आपण मुख्यतः पत्र्यावरचं जस्त विकत घेत असतो. ते जितकी वर्षं राहील, तितकी टाकी राहील.

माप ८ फूट व्यास, २ फूट उंची हेच घ्यावं. सहा फुटीत दोन मोठी माणसं पाय आखडून बसतात. आठ फुटीत चार जण आरामात बसतात आणि कडेपासून तीन बोटं खाली भरली तरी सुमारे २,५०० लिटर पाणी मावतं.

म्हणजे अडीच टन. हा आकडा घरातल्या सगळ्यांनी नीट लक्षात घ्यायला हवा, कारण 'गच्चीवर ठेवू या का?' हा प्रश्न हमखास येतो. पावणेदोन फूट पाण्याचा भार चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जातो. राहत्या घराची वापरातली गच्ची साधारण दीडशे किलोच्या हिशेबाने बांधलेली असते. त्यामुळे गच्ची नको, बाल्कनी तर नकोच नको. टाकी जमिनीवरच ठेवावी.

इथल्या फॅब्रिकेटरकडून टाकी बनवून घेणार असाल तर आधी सांधा पाहा. जीआय पत्रा वेल्ड केला की त्या रेषेवरचं जस्त जळतं आणि पहिला गंज तिथेच धरतो. सांधा दुमडून रिव्हेट मारलेला आणि सीलंट भरलेला असावा, नाहीतर टाकी पूर्ण बनवून मग हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेली, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली असावी. वेल्डवर नुसता चंदेरी रंग फासलेला दिसला तर ती टाकी घेऊ नका. साधा ऑइल पेंटही जस्तावर टिकत नाही, पापुद्रे सुटतात. रंग द्यायचाच असेल तर आधी इच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा अस्तराचा रंग), मग इपॉक्सी रंग.

खाडीला लागून घर असेल, म्हणजे ऐरोली, वाशी किंवा ठाण्यात कोलशेतकडे, तर आमचं मत फायबरच्या टाकीला. खारी हवा जस्त बाहेरून खाते आणि क्लोरीन आतून. फायबरच्या टाकीला चमक कमी, पण गंजाची चिंता नाही. दुकानात मिळणारे पाइप-फ्रेमचे पीव्हीसी पूल सर्वांत स्वस्त पडतात, मात्र एक टोकदार खडा खाली राहिला की तळाला भोक पडतं.

निम्मं यश पायावर असतं. नऊ फुटी गोल आखून चार इंच माती काढा, मुरूम टाकून धुमसाने ठोका, वर दोन इंच कच (खडीची बारीक भुकटी) पसरून पुन्हा ठोका. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारी बाजू तपासा. एका बाजूला इंचभर जरी उतार राहिला तरी पाण्याची रेषा तिरकी दिसते आणि त्या बाजूचा पत्रा फुगतो. भरावाच्या जमिनीवर पहिल्यांदा अर्धीच टाकी भरा, दोन दिवस थांबा, लेव्हल पुन्हा बघा, मगच उरलेली भरा.

पंप ताशी २,००० लिटरचा, कार्ट्रिज फिल्टरसह, रोज पाच-सहा तास चालवावा. पाणी ओढायचं भोक तळापासून चार-पाच इंचांवर, परतीचं वर आणि कडेला तिरपं, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि कचरा मध्ये जमतो. टँक निपलच्या (भोकात बसवायच्या पाइप-जोडाच्या) आट्यांचा व्यास मोजून मगच होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) निवडा. भोकाची कापलेली कड उघडी राहिली तर गंजते. तिला झिंक प्रायमर लावा, मग आत-बाहेर रबरी वायसर बसवा. फिटिंग प्लास्टिकचीच घ्या, पितळ किंवा तांबं जस्ताला लागलं की जस्त झिजतं. मोरचुदातही तांबं असतं, म्हणून शेवाळासाठी ते टाकू नका. पंप चालू असताना परतीच्या तोंडातून सतत बुडबुडे आले, तर ओढीच्या पाइपचा क्लॅम्प सैल आहे. पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. यात काटकसर चालत नाही.

क्लोरीनची गोळी तळाशी टाकून मोकळं होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती गोळी आम्लधर्मी असते. जिथे पडते तिथे आधी पांढरी भुकटी धरते, ती पुसली की खाली रुपयाएवढा काळपट डाग दिसतो, आणि पुढे नेमकं तिथेच सुईएवढं छिद्र पडतं. गोळी वापरायची तर तरंगत्या डबीत, आणि डबी दोरीने मध्यभागी राहील अशी बांधून. त्यापेक्षा ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे बरे. २,५०० लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे क्लोरीन सुमारे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) वाढतं. ब्लीचिंग पावडर असेल तर १५ ग्रॅम बादलीत कालवा, गाळ बसू द्या आणि वरची निवळ तेवढी ओता. हे सूर्यास्तानंतर करावं, उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. सकाळी पाणी तपासायच्या रंगपट्टीने तपासा: क्लोरीन १ ते ३, पीएच ७.२ ते ७.६. पीएच उतरला तर धुण्याचा सोडा चमच्याने, विरघळवून. सॉल्ट क्लोरिनेटर (पाण्यात मीठ घालून क्लोरीन बनवणारं यंत्र) पत्र्याच्या टाकीला लावूच नका.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी चहासारखं होतं. पाणीकपातीच्या दिवसांत नव्याने टाकी भरणं मनाला पटत नाही, म्हणून मार्चमध्ये एकदा भरून तेच पाणी सांभाळणं उत्तम. मे महिन्यात बाष्पीभवनाने रोज साधारण २५-३० लिटर घटतात, तेवढेच टाका. कार्ट्रिज तीन-चार दिवसांनी धुवा.

पंप बंद असेल तेव्हा ताणून बांधलेलं झाकण हवं. दोन फूट पाणी लहान मुलाला बुडवायला पुरेसं असतं. शिवाय क्लोरीन उतरलं की डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटून कोरडीही तग धरतात, म्हणून ती रेषा दर आठवड्याला ब्रशने घासायची.

जूनचा पहिला पाऊस येण्याआधी टाकी रिकामी करा. त्याआधी दोन दिवस क्लोरीन बंद ठेवलं तर ते पाणी झाडांना चालतं. टाकी पुसून पालथी घाला, खाली विटा द्या म्हणजे हवा खेळते, आणि एका बाजूला एक वीट जास्त ठेवा. पालथ्या तळाच्या कडेत पाणी साचतं, तिरपी ठेवली की ते वाहून जातं.