पाठीवर पट्ट्या, पोटाचं निदान

लेक दोन वर्षांची व्हायच्या सुमारास तिला दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी व्हायला लागली. शीत गाजराचे तुकडे, मटाराची सालं जशीच्या तशी दिसायची. ताप नाही, उलटी नाही, रक्त नाही. हुंदडणं नेहमीसारखं, वजनही वाढत होतं. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि म्हणाले, "काळजीचं काही दिसत नाही, थोडे दिवस बघू." मला ते 'बघू' नको होतं. कागदावर छापलेलं उत्तर हवं होतं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे ज्यांनी मला फसवलं त्यांनी नेमकं तेच विकलं.

त्या केंद्राची जाहिरात मला रात्री दोन वाजता फोनवर दिसली. 'मुलांच्या पोटातल्या लपलेल्या ॲलर्जी शोधा, सुई न टोचता.' लसीच्या वेळी लेकीला दोघांनी धरावं लागतं, त्यामुळे 'सुई न टोचता' वाचूनच मी निम्मी तयार झाले. तिथल्या पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांना मी पहिल्या मिनिटापासून 'डॉक्टर' म्हणत होते. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. आपण डॉक्टर आहोत असं तेही एकदाही म्हणाले नाहीत. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

विचारपूस पाच मिनिटं झाली. ती काय खाते, किती पिते, शी कधी होते, यातलं काहीच नाही. लेकीला पालथं झोपवून पाठीवर चार ओळींत २४ ठिपके लावले: दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणा, मासे, केळं, बटाटा, टोमॅटो आणि असेच बाकीचे. वर चिकटपट्टी. उद्या या, तोवर अंघोळ नाही, धावपळ नाही. दोन वर्षांच्या मुलीला धावू नको म्हणून सांगून बघा एकदा. रात्रभर ती पाठ भिंतीला घासत होती. दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून काढल्या तेव्हा पाठ लालेलाल. तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला जन्मापासून थोडं इसब आहे, कातडी मुळात नाजूक. तिथल्या एका मुलीनं फोटो काढला, मीही काढला, आणि पंधरा मिनिटांत १८ पानांचा रंगीत अहवाल हातात पडला. ११ पदार्थ लाल, ५ पिवळे, बाकी हिरवे. दूध लाल, गहू लाल, अंडं लाल.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाठीला दूध लावून पोटाचं कसं गं कळतं?" मी त्यांना बरंच ऐकवलं. विज्ञान पुढे गेलंय, तुमच्या काळात या गोष्टी नव्हत्या, वगैरे. त्या गप्प बसल्या. दात येताना शी पातळ होतेच हेही त्यांचंच मत होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं कानाआड करायची मला सवय होती. पण तो प्रश्न मी त्या कोटवाल्या गृहस्थांना विचारायला हवा होता.

तीन महिन्यांच्या 'पोट दुरुस्ती' पॅकेजचे पैसे आगाऊ भरले. दूध, दही, लोणी, चीज, अंडं, गहू सगळं बंद. त्याऐवजी त्यांची पावडर, त्यांचे थेंब, आणि भूक लागली की सफरचंदाचा रस, कारण तो 'पोटाला हलका'. आठवड्याभरात शी दिवसाला सात-आठ वेळा व्हायला लागली. फोन केला तर उत्तर आलं, "छान! शरीर साठलेलं विष बाहेर टाकतंय." महिन्याभरानं रक्ताची 'आयजीजी' तपासणी सुचवली, म्हणजे एकेका अन्नाविरुद्ध रक्तात किती प्रतिपिंडं आहेत ते मोजायचं. ती सुई टोचूनच झाली, म्हणजे सुईचंही राहिलं नाही. त्यात आणखी सहा पदार्थ लाल आले. गंमत अशी की ते सहाही पदार्थ यादीतले बाकीचे गेल्यापासून ती रोज खात होती. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, बघा, रोज खाऊन खाऊनच ॲलर्जी झाली!

चौथ्या महिन्यात लेकीचं वजन पाऊण किलो उतरलं. तिच्या हाताची मनगटं पाहून नवरा एके रात्री म्हणाला, "आपण हिला उपाशी ठेवतोय." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. दिवसभरात ती काय काय पिते ते मला वेळेसकट लिहायला लावलं. रसाचा आकडा आला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला फळांचा रस दिवसाला फार तर १२० मिलिलिटर, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलंय. आम्ही त्याच्या पाचपट देत होतो. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज भरपूर, शिवाय सॉर्बिटॉल. लहान आतड्यात ते पूर्ण शोषलं जात नाही, पुढे जातं, सोबत पाणी ओढून घेतं. त्यात आहारातली स्निग्धता आम्ही काढून टाकलेली. अन्नात स्निग्धता असली की ते आतड्यातून सावकाश सरकतं, नसली की घाईनं निघून जातं. मूळ तक्रार होती ती या वयात चांगल्या वाढणाऱ्या मुलांमध्ये सर्रास दिसणारी पातळ शी. तिच्यात न पचलेले भाजीचे तुकडे दिसतातच, आणि मूल मोठं झालं की ती आपोआप थांबते. ॲलर्जी नव्हतीच. जे सौम्य होतं ते आम्ही पैसे मोजून वाढवलं होतं.

मी अहवाल पुढे केला. त्यांनी तो चाळला आणि विचारलं, "पाठीचा फोटो आहे?" फोनवरचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे चिकटपट्टीचा नुसता शेवट होता, तोही तितकाच लाल. "इथे कुठला पदार्थ होता?"

कुठलाच नव्हता.

"मग दूध लाल झालं की पट्टी, हे त्यांनी कशावरून ठरवलं?"

त्यानंतर त्यांनी जे समजावलं ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. पाठीवर पट्ट्या लावून करतात ती पॅच टेस्ट. ही मुळात थाप नाही, आणि म्हणूनच ती थापाड्यांच्या उपयोगी पडते. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं ती मांडली, कातडीला एखाद्या वस्तूच्या स्पर्शानं पुरळ येतं का हे पाहायला. निकेल, रबर, सुगंधी द्रव्यं यांच्यासाठी ती आजही वापरतात. तिथे प्रश्न कातडीचा आणि परीक्षाही कातडीवरच. तीच पद्धत अन्नासाठी वापरून पाहण्याचे प्रामाणिक प्रयत्नही झाले. १९९६ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी इसब असलेल्या तान्ह्या मुलांत प्रिक (कातडीवर अन्नाचा थेंब ठेवून किंचित टोचायची) आणि पॅच अशा दोन्ही तपासण्या जोडून पाहिल्या आणि त्यांना त्याचा उपयोग दिसला. पण पुढे ठिकठिकाणचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. कोणी ताजं दूध वापरी, कोणी पावडर, पदार्थ भरून कातडीवर चिकटवायच्या वाट्यांचा आकार वेगळा, लाली मोजायची रीत वेगळी. अमेरिकेत २०१० साली निघालेल्या अन्नाच्या ॲलर्जीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही तपासणी सरसकट निदानासाठी वापरू नये असं म्हटलंय.

आणि जिथे ती नीट करतात तिथेही छोट्या वाट्या ४८ तास लावून ठेवतात, काढल्यावर थोडं थांबून पाहतात, पुन्हा ७२ तासांनी पाहतात. शेजारी एक रिकामी वाटीही लावलेली असते, नुसत्या पट्टीनं काय होतं ते कळावं म्हणून. आमच्या २४ ठिपक्यांत रिकामा एकही नव्हता आणि सगळं २४ तासांत आटोपलं होतं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. उशिरानं उठणाऱ्या ॲलर्जीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचा हात असतो, आणि त्या पेशींतल्या काही कातडीकडे जाणाऱ्या असतात, काही आतड्याकडे. त्यामुळे पाठ लाल झाली म्हणून आतडं रुसलंच असं नाही, आणि पाठ शांत राहिली म्हणून आतड्याला ते अन्न चालतंच असंही नाही. प्रिक टेस्ट वेगळी. ती १५ ते २० मिनिटांत वाचतात, आणि ती खाल्ल्यावर लगेच, साधारण दोन तासांच्या आत येणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं ही त्या ॲलर्जीची लक्षणं. प्रिक टेस्टही एकटी पुरत नाही. आणि आयजीजी? ते अन्न पोटात जातंय एवढंच त्यातून कळतं. रोजचं खाणं लाल का आलं, याचं कोडं तिथे सुटलं.

मग पोटाच्या उशिरा येणाऱ्या ॲलर्जीचं निदान करायचं कसं? संशय असलेला एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचा, फरक पडतो का पाहायचं, आणि मग तो परत द्यायचा. परत दिल्यावर त्रास परतला तरच ॲलर्जी म्हणायची. अन्ननलिकेच्या ॲलर्जीच्या एका प्रकारात एंडोस्कोपी करून (दुर्बीण आत घालून) आतला छोटा तुकडा तपासावा लागतो, तो भाग निराळा. त्या केंद्रानं मला काय काय काढायचं ते १८ पानं भरून सांगितलं, पण परत कधी द्यायचं याची एक ओळ त्यात नव्हती. द्यायला लावलं असतं तर चौथ्या दिवशी सगळं उघडं पडलं असतं.

(हे वाचून कोणी घरीच 'परत देऊन बघू' करणार असेल तर थांबा. मुलाला कधी अंगावर गांधी, सूज, धाप किंवा उलट्या होऊन गळून जाणं असं झालं असेल तर ते डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच करायचं असतं. इसब असलेल्या मुलाचं एखादं अन्न उगाच महिनोन्‌महिने तोडलं तर आधी चालत असलेलं ते अन्नच पुढे तत्काळ ॲलर्जी उठवू शकतं, म्हणून बाईंनी आमच्या लेकीला दूध पहिल्यांदा स्वतःच्या दवाखान्यात बसवून दिलं. ती गटागटा प्यायली आणि अजून मागितलं.)

रस बंद झाला, दूध-अंडी-लोणी परत आलं. तीन आठवड्यांत शी दिवसाला दोनदा. वजन भरून यायला मात्र चार महिने गेले.

पैसे परत मागायला गेले तेव्हा पांढऱ्या कोटाची जागा एका नम्र बाईंनी घेतली होती. त्यांनी माझ्या सहीचा कागद पुढे ठेवला. सहीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'ही आरोग्यविषयक पाहणी असून वैद्यकीय निदान नाही.' मी त्यावर सही केली तेव्हा लेक कडेवर रडत होती. वाचलं नाही हे खरं. पण पाहणीच होती तर अहवालावर 'निदान' हा शब्द सहा वेळा कसा, हे मी मोजून विचारलं. उत्तर 'वरिष्ठ कळवतील'. अजून कळवतायत.

माझं प्रकरण तरी लेकीच्या वजनावर निभावलं. तिथेच बाकावर ओळख झालेल्या एका ताईंचा आठ महिन्यांचा मुलगा ओट्स खाल्ले की दोन तासांनी उलट्या करकरून पांढराफटक पडायचा, मान टाकायचा. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना धीर दिला होता की टेस्टमध्ये सगळं कळेल. त्याच्या पाठीवर ओट्सचा ठिपका स्वच्छ राहिला. 'बिनधास्त द्या' असं लिहून मिळालं, त्यांनी दिले, आणि त्या रात्री त्याला रुग्णालयात सलाईन लावावं लागलं. अन्नातल्या प्रथिनांनी थेट आतडं खवळणारा हा प्रकार आहे, एफपीआयईएस म्हणतात. कातडीवर तो बहुधा दिसत नाही. किती वेळानं काय झालं हे आईनं सांगितलेलं नीट ऐकून तो ओळखायचा असतो. त्या ताईंनी तर पहिल्याच दिवशी सगळं घड्याळाच्या वेळेसकट सांगितलं होतं, मी शेजारीच बसले होते.

त्यांच्या अहवालात ओट्ससमोर हिरवी खूण आहे. त्या तो फाडणार होत्या, मी थांबवलं. माझा फोटो आणि त्यांचं ते पान एकाच तक्रारीला जोडून आम्ही गेल्या आठवड्यात दोघींच्या सहीनं दिलंय.