डिसेंबरात मॉरिशसचे देवमासे दाखवतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

डिसेंबर-जानेवारीत मॉरिशसच्या समुद्रात हंपबॅक देवमासे नसतात. हे सगळ्यात आधी सांगते, कारण निपाणी, संकेश्वर, चिकोडी आणि पलीकडे गडहिंग्लजपर्यंत यंदाही ‘हिवाळी सुट्टीत देवमासा दर्शन’ अशी रंगीत पत्रकं वाटली जातायत असं कानावर आलंय. आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, संकेश्वरच्या वन्सं आणि त्यांचे यजमान, त्याच पत्रकावर विश्वास ठेवून जाऊन आलो. देवमासा दिसला नाही. तो दिसणार नाही, हे पैसे घेणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

हंपबॅक वर्षभर एका ठिकाणी राहत नाही. दक्षिण गोलार्धातले हंपबॅक आपल्या डिसेंबर ते मार्चमध्ये खाली अंटार्क्टिकाच्या पाण्यात क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन अंगावर चरबी चढवत असतात. तिकडचा उन्हाळा तो. थंडी पडायला लागली की हजारो किलोमीटर पोहत ते उबदार पाण्यात येतात आणि माद्या तिथे पिल्लांना जन्म देतात. मॉरिशसच्या आसपास ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात, म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो, गणपती बसतात, तेव्हा. आपल्या नाताळच्या सुट्टीत मॉरिशसला कडक उन्हाळा आणि वादळांचा मोसम असतो. पत्रकावर ‘उष्ण कटिबंधातली हिवाळी सुट्टी’ असं छापलं होतं. हिवाळा आपला होता, तिथला नव्हता. सगळी लबाडी एवढ्याच फटीतून आत शिरली.

मला या देवमाशांचं वेड ल्युबानमुळे लागलं. ओमानच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी 2017 साली एका हंपबॅक मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं, तिचं नाव ल्युबान. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली आणि किनाऱ्याने खाली कन्याकुमारीच्या दिशेने गेली. अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत, बारा महिने इथेच राहतात, आणि आता फार थोडे उरलेत. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यांतले दोनशेहून जास्त मारले. हे वाचल्यापासून एकदा तरी तो प्राणी डोळ्यांनी बघायचा असं मनात होतं. वन्संनाही मीच सांगून सांगून ती ओढ लावली. त्यांनी भिशीचे पैसे मोडले ते त्यासाठी.

कोल्हापुरात ऑफिस असलेला तो एजंट निपाणीत एका हॉलमध्ये पडदा लावून फिल्म दाखवायला आला होता. बोलायला अगदी घरच्यासारखा. “काकू, देवमासं बोटीच्या शेजारी उड्या मारत्यात बघा. आणि तिथं आपली मराठी माणसं हाईत, गणपतीला सरकारी सुट्टी असत्या.” यातलं दुसरं वाक्य खरं आहे. मॉरिशसमध्ये मराठी वंशाचे लोक कितीतरी पिढ्या राहतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. म्हणूनच पहिलं वाक्यही खरं वाटलं. एका खऱ्या गोष्टीला जोडून खोटी गोष्ट खपवण्याची त्याची पद्धत होती, आणि आमच्या भागातल्या माणसाला मराठीच्या नावाने कशी भुरळ पडते हे त्याने बरोबर हेरलं होतं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पत्रकावरचा फोटो आता पाहिला की दिसतं, उडी मारणाऱ्या देवमाशाच्या मागे बर्फाचे डोंगर आहेत. मॉरिशसमध्ये बर्फ कुठला?

पैसे असे घेतले. पॅकेज माणशी 1,85,000. त्यावर ‘दर्शन हमी’ म्हणून 15,000. या दोन लाखांवर टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) 5 टक्के, म्हणजे 10,000, ‘हे सरकारला जातंय, काका, रोख द्या’ असं सांगून. आणि व्हिसाचे म्हणून 3,500. भारतीय पर्यटकांना मॉरिशसला उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो, हे आम्हाला पोर्ट लुईच्या वाटेवर टॅक्सीवाल्याने सांगितलं. पावतीवर फक्त ‘टूर अ‍ॅडव्हान्स’ एवढंच लिहिलं होतं, जीएसटी नंबर नाही, आणि रोख सोडून बाकीची रक्कम त्याच्या बायकोच्या नावच्या खात्यावर भरून घेतली होती.

तिकडे बोट पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँहून पहाटे निघायची होती. किनाऱ्यावर गेल्यावर कळलं की आमच्या नावाची बोटच नाही. एजंटला फोन लावला तर म्हणाला, “तिथल्या माणसाला द्या काका, आल्यावर मी वळतं करतो.” दिले. बोटवाला सज्जन होता, हिंदी बोलायचा. समुद्रात पोचल्यावर डॉल्फिनचा मोठा कळप आला, पाण्याबाहेर उसळून गिरक्या घेत होता, ते फार सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. नशीब असेल तर इथे बारमाही राहणारे स्पर्म व्हेल, म्हणजे दुसऱ्या जातीचे देवमासे, दिसतात असंही त्याने सांगितलं. वन्संनी विचारलं, हंपबॅक कधी येणार? तो गप्प झाला, मग म्हणाला, “माताजी, वो तो जुलाई में आते हैं। आपको किसने बोला?” वन्सं उन्हात तशाच बसून राहिल्या. परतताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या यजमानांना बोट लागली होती, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

परत आल्यावर एजंटचं उत्तर ठरलेलं होतं: निसर्गाची हमी कोण देणार? मग हमीचे 15,000 कशाचे? त्यावर फोन बंद.

टीसीएसचा घोळ आमच्या भाच्याने उघडा केला. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने हा कर गोळा करून आपल्या पॅनवर भरायचा असतो, 1 ऑक्टोबर 2020 पासून हा नियम आहे. भरला की तो फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो किंवा परत मिळतो. आमच्यापैकी कोणाच्याच 26एएसमध्ये एक रुपयाही नव्हता. मुळात त्याने आमचे पॅन मागितलेच नव्हते. कोणी परदेशी सहलीचा टीसीएस मागतोय आणि पॅन मागत नसेल, तर पैसे त्याच्या खिशात चाललेत असं समजा.

मग सीमेचा त्रास. तक्रार घेऊन गेलो तर ठाण्यात म्हणाले, ऑफिस कोल्हापूरला आहे, तिकडे जा. कोल्हापूरला गेलो तर म्हणाले, व्यवहार निपाणीत झालाय, कर्नाटकात जा. महामार्गावरून असे हेलपाटे घालताना आमच्या ह्यांची तब्येत बिघडली. वकिलांनी सांगितल्यावर दोन गोष्टी कळल्या, त्या सीमेवरच्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा दाखल करता येतो, विकणारा दुसऱ्या राज्यात असला तरी. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, म्हणून दोन्ही जोडप्यांनी वेगवेगळे दावे केले. मुदत दोन वर्षांची असते, आणि सुरुवातीला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

थंडीच्या सुट्टीत हंपबॅक बघायचेच असतील तर ते उत्तर गोलार्धातले. हवाईत, विशेषतः माउईच्या आसपास, जानेवारी ते मार्च ऐन मोसम असतो. डोमिनिकन रिपब्लिकच्या सामाना उपसागरात जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. आपल्याला जवळ पडतं ते श्रीलंकेतलं मिरिसा, तिथला मोसम डिसेंबर ते एप्रिल, पण तिथे लोक जातात ते मुख्यतः निळ्या देवमाशासाठी. तिथे ‘हंपबॅक नक्की’ असं कोणी म्हणत असेल तर तोही थापा मारतोय. हवाईत काही बोटवाले देवमासा न दिसल्यास पुन्हा फुकट नेतात. हमीचे आगाऊ पैसे वेगळे लावणारा माणूस भेटला तर उठून या.

बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात आमचे दावे दाखल झालेत. ते पत्रक, बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि कोरे 26एएस जोडले आहेत. त्याच हॉलमध्ये त्या दिवशी आणखी लोकांनी पैसे भरले होते. त्यांच्यापैकी कोणाकडे पत्रकाची किंवा ‘दर्शन हमी’ची लेखी नोंद असेल तर ती फाडू नका, आमच्या वकिलांना साक्षीसाठी तिची गरज आहे.