एम१टीआर मिलिंग: चौदा महिने, चार बेल्ट

काल माझ्या मिलिंग मशीनच्या बेल्टचं (मोटारीवरून स्पिंडल फिरवणाऱ्या) गार्ड उघडलं आणि आत बेल्ट झिजून पडणारी काळी पूड नव्हती. हा बेल्ट पाच महिने चाललाय. आधीचे तीन मिळून नऊ महिन्यांत गेले होते, आणि तेव्हा मी भेटेल त्याला सांगत होतो की हे मशीन घेऊ नका. ते बोलणं मागे घेतो.

मशीन सेकंडहँड, एम१टीआर धाटणीचं (उभ्या स्पिंडलचं), वेग बदलायला पायऱ्यांच्या म्हणजे स्टेप पुलीचं हेड, दोन एचपी मोटार. भोसरीत एका बंद पडलेल्या शेडमधून उचललं. ब्रिजपोर्ट या अमेरिकन मिलिंग मशीनच्या जुन्या रचनेवर बेतलेलं हेड, त्यामुळे उघडायला सोपं.

त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला. ६३ मिलिमीटरचा फेस कटर, एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट, डेप्थ जेमतेम दीड मिलिमीटर, आणि कटर जॉबमध्ये शिरला की वरून चिर्र आवाज येऊन स्पिंडल मंदावायचा. मी बेल्ट ताणला. आठवड्याने परत तेच, परत ताणला. विकणाऱ्याला फोन केला तर त्याने एक मेकॅनिक धाडला. त्याने बेल्टवर राळ भुरभुरवली आणि अठराशे रुपये घेतले. दोन दिवस बरं चाललं, मग बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. जास्त ताणल्याने मोटारीचं पुढचं बेअरिंगही वाजायला लागलं. तो खर्च आजही डोक्यात बसलाय.

शेजारच्या गाळ्यातले निवृत्त फिटर काका एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सहज आले. त्यांनी बेल्टकडे पाहिलंच नाही. बेल्ट उतरवून पुलीच्या खाचेत टॉर्च मारला आणि म्हणाले, "तळ बघ, आरशासारखा चमकतोय. बेल्ट तळाला टेकतोय बाळा, ताणून काय होणार?"

खरंच तसं होतं. व्ही बेल्ट दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओढतो, तळाशी त्याचा संबंधच नसतो. भिंती झिजल्या की बेल्ट खाली बसतो, पाचरीची पकड जाते आणि कितीही ताणा, तो घसरतो. माझा बेल्ट पुलीच्या काठापासून जवळजवळ तीन मिलिमीटर खाली गेला होता. चांगल्या पुलीत तो काठाशी साधारण बरोबरीने बसायला हवा.

दोन्ही पुल्या लेथवर धरून खाचा नव्याने कापून घेतल्या, बाहेरचा व्यासही त्याच मापाने उतरवला. ए सेक्शनचा (ए मापाचा) बेल्ट ४० अंशांचा असतो, पण लहान पुलीला खाच ३४ अंशांची लागते, मोठीला ३८. लहान पुलीवर वळताना बेल्ट आतून फुगतो आणि त्याचा कोन कमी होतो. आधी एका टर्नरने सगळ्या सरसकट ४० ने कापायला काढल्या होत्या, वेळीच थांबवलं म्हणून बरं.

आता ताण अंगठ्याने बघतो. दोन पुल्यांमधलं अंतर २५० मिलिमीटर, तर मधोमध दाबल्यावर ४ मिलिमीटर दबला पाहिजे. नवा बेल्ट पहिले एक-दोन दिवस ताणतो, म्हणून परत तपासायचा. बसवताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवायचा नाही, आतले दोरे तुटतात. मोटारीचे दोन नट ढिले करून मोटार पुढे ओढली की तो हाताने चढतो. लांब सुट्टी असली की बेल्ट सैल सोडून जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझं मशीन धडधडायचं, ते याचमुळे. ताणलेला बेल्ट पुलीवर एकाच जागी पडून राहिला की तो तसाच आकार धरतो.

बाकीचं थोडक्यात. स्लाइडवेला (टेबल सरकतं त्या पट्ट्यांना) ६८ नंबरचं तेल रोज सकाळी. पावसाळ्यात टेबलावर तेलाचा हात फिरवून झाकून ठेवतो, तरी टी-स्लॉटमध्ये (टेबलावरच्या खाचांत) गंज येतोच. जिब (स्लाइडवेमधला ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) डायल लावून बसवले. हेड हलवलं की परत ०.०२ मिलिमीटरच्या आत ट्रॅम करतो, म्हणजे स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणतो, त्याशिवाय फिनिशवर रेषा येतात.

एक्स ॲक्सिसला (टेबलाच्या लांबीच्या दिशेला) मात्र ०.४ मिलिमीटरचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा, अजून आहे. स्क्रूचा नट बहुधा झिजून संपलाय. येत्या गुरुवारी टेबल उतरवतो.