गारवा कोण देणार? बेवर उभ्या विमानासाठी एपीयू, जीपीयू आणि एरोब्रिजची सोय

एखाद्या स्टेशनवर, म्हणजे विमान कंपनी जिथे उतरते त्या विमानतळावर, एअरबस ए३२० ची नवी फेरी सुरू होणार असली की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो: जीपीयू (जमिनीवरून वीज देणारी गाडी) भाड्याने घ्यायचा, की विमानाचा एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन) आहेच, तोच चालवायचा? मग कोणी जेट इंधनाचा दर काढतं, कोणी जीपीयूचं भाडं सांगतं आणि दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय उरकतो. माझ्या मते हा हिशोब अर्धाच आहे. बेवर, म्हणजे विमानाच्या थांब्याच्या जागेवर, उभ्या विमानाला दोन गोष्टी लागतात, वीज आणि हवा. विजेला पर्याय सहज मिळतो. हवेचं तसं नाही, आणि गाडी अडते ती तिथेच.

आधी एपीयू. विमानाच्या शेपटीच्या टोकाला जे गोल भोक दिसतं, ते त्याचं धुराडं. आत एक छोटं गॅस टर्बाइन असतं आणि ते विमानाच्याच टाकीतलं इंधन जाळतं. बॅटरीवर त्याची स्टार्टर मोटर फिरते, साधारण मिनिटाभरात टर्बाइन पूर्ण वेग घेतं आणि मग त्याच एका वेगाने फिरत राहतं. वेग बदलून चालत नाही, कारण त्याला जोडलेल्या जनित्राकडून ४०० हर्ट्झचीच वीज हवी असते. आपल्या घरात ५० हर्ट्झची वीज येते. विमानात ४०० ठेवली की मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलके होतात. ए३२० वर एपीयूचं जनित्र ११५ व्होल्टचं, ९० केव्हीए क्षमतेचं असतं. मुख्य इंजिनांवरची दोन जनित्रंही तेवढीच. म्हणजे विजेच्या बाबतीत शेपटीतला हा गडी एका इंजिनाच्या तोडीचा आहे.

त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं: दाबाखालची गरम हवा, म्हणजे ब्लीड एअर. ही हवा पोटाखालच्या दोन पॅकमध्ये, म्हणजे हवा गार करणाऱ्या यंत्रांत, जाते. तिथे ती आणखी दाबली जाते, बाहेरच्या हवेने निवते आणि शेवटी एका छोट्या टर्बाइनमधून प्रसरण पावताना गार होऊन केबिनमध्ये येते. हीच ब्लीड एअर इंजिनाच्या स्टार्टरलाही फिरवते. ए३२० किंवा बोइंग ७३७ चं इंजिन विजेवर सुरू होत नाही, हवेवर होतं. जेट प्रवासी विमानांत एपीयू पहिल्यांदा आला तो बोइंग ७२७ वर. ते विमान १९६४ मध्ये सेवेत आलं. जिथे हवेची गाडी नाही, विजेची गाडी नाही, अशा लहान विमानतळांवर ते उतरवायचं होतं. शेपटीत तिसरं इंजिन असल्यामुळे त्याचा एपीयू चाकांच्या कप्प्यात बसवावा लागला, ही गंमत वेगळीच.

आता खर्च. ए३२० चा एपीयू पॅक चालू असताना तासाला साधारण १२० किलो इंधन पितो, म्हणजे जवळपास १५० लिटर. हिशोबापुरते लिटरला ९० रुपये धरले तर तासाचे साडेतेरा हजार. पॅक बंद करून फक्त वीज घेतली तर इंधन कमी लागतं, पण भार जितका उतरतो तितकं काही उतरत नाही. टर्बाइन त्याच वेगाने फिरतच असतं. झाडणाऱ्याला चार दिवे हवेत म्हणून एपीयू चालू ठेवणं म्हणजे एका कपासाठी अख्खी भट्टी पेटवणं.

जीपीयूचं गणित अगदी निराळं. डिझेल इंजिन, त्याला ४०० हर्ट्झचं जनित्र, खाली चाकं. नेहमीच्या भाराला तासाला १५ ते २५ लिटर डिझेल. आता बॅटरीवरचे जीपीयूही मिळतात. ते धूर करत नाहीत, आवाजही जवळजवळ नाही, फक्त दोन विमानांच्या मधल्या वेळात चार्ज करण्याची शिस्त हवी. प्लग नाकाच्या चाकाजवळ लागतो: चार जाड पिना, दोन बारीक. विजेचा दर्जा नीट असेल तर कॉकपिटमध्ये हिरवा दिवा येतो, वैमानिक बटण दाबतो, केबिनचे दिवे एकदा मिचकावतात, झालं.

पण पॅकला जीपीयूचा काही उपयोग नाही. वीज आहे, दिवे आहेत, पंखे फिरताहेत, आणि केबिन तापतेय. मे महिन्यात नागपूरला दुपारी दोन वाजता दारं उघडी ठेवून १८० माणसं चढवून पाहा. मागच्या रांगेतली बाळं रडायला लागली की कॅप्टन स्वतःच एपीयू सुरू करतो, आणि मग जीपीयूचं भाडंही जातं आणि इंधनही. जीपीयू घेऊनही बचत दिसत नाही अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तिसरा पर्याय एरोब्रिजच्या, म्हणजे इमारतीतून विमानाच्या दारापर्यंत येणाऱ्या पुलाच्या, बेवर मिळतो. पुलाच्या पोटाखाली बसवलेला कन्व्हर्टर ५० हर्ट्झची वीज ४०० ची करून देतो आणि शेजारचा पीसीए (जमिनीवरचं वातानुकूलन यंत्र) जाड पिवळ्या नळीतून गार हवा थेट विमानाच्या पोटात सोडतो. वीज आणि हवा दोन्ही जमिनीवरून. तिन्हींत हा सर्वांत चांगला, याबद्दल वाद नाही. झुरिक, कोपनहेगन यांसारख्या विमानतळांवर अशी सोय असलेल्या बेवर एपीयू मोजक्या मिनिटांपुरताच चालवू देतात. मात्र पीसीए जोडणारा माणूस जाणता हवा. नळीला घडी पडली की हवा निम्मी. पंचवीस मीटर नळी तापलेल्या काँक्रीटवर लोळत ठेवली की गार हवा वाटेतच कोमट. आणि पीसीए जोडलेला असताना पॅक चालू करायचे नाहीत, हे कॉकपिट आणि खालचा माणूस या दोघांनाही पक्कं माहीत हवं.

पीसीए असला तरी एपीयूला पूर्ण सुट्टी मिळत नाही. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान बेवरून मागे ढकलताना, इंजिन सुरू करायला दाबाची हवा लागते आणि पीसीएची हवा त्या कामाला फार मंद. त्यामुळे निघण्याआधी काही मिनिटं एपीयू लागणारच. प्रश्न असतो तो चालवायचा किती मिनिटं, एवढाच. ४५ मिनिटांच्या थांब्यात पूर्ण वेळ चालवला तर ११० लिटरच्या पुढे. शेवटची दहा मिनिटं चालवला तर २५.

या फरकाच्या लोभाने एक चूक सर्रास होते. विमान बेवर येतं, एपीयू सुरू केलेला नसतो, आणि जीपीयू अजून दोन बे पलीकडे असतो. मग वीज जाऊ नये म्हणून एक इंजिन चालू ठेवावं लागतं. ए३२० चं एक इंजिन नुसतं धिम्या गतीवर तासाला ३०० किलोच्या आसपास जाळतं, एपीयूच्या अडीचपट. शिवाय इंजिन चालू असल्याची खूण म्हणून तांबडा बीकन दिवा लुकलुकत असेपर्यंत सामानवाले, शिडीवाले कोणी जवळ येत नाहीत. तीन मिनिटं इंधनाची गेली आणि तीन मिनिटं वेळेचीही. जीपीयू वेळेवर नाकापाशी उभा राहणार नसेल, तर एपीयूवरच येऊन थांबलेलं परवडतं. २५ मिनिटांच्या थांब्यात तर एपीयू बंद करून पुन्हा सुरू करण्यातही अर्थ नाही. प्रत्येक सुरुवात म्हणजे टर्बाइनला तापण्या-निवण्याचा एक फेरा, आणि दुरुस्तीचं बिल तासांबरोबर अशा फेऱ्यांवरही चढतं.

रात्रीच्या मुक्कामाला मात्र विचार करायची गरजच नाही. सहा तास सफाई आणि तपासणी चालणार, प्रवासी कोणी नाही: जीपीयू किंवा पुलाची वीज. एपीयूवर ९०० लिटरपर्यंत इंधन घालवण्यात काही शहाणपण नाही, आणि शेजारच्या वस्तीला झोपही हवी असते.

सगळीच विमानं ए३२० सारखी नसतात, हेही कंत्राट लिहिण्याआधी बघून घ्या. एटीआर ७२ ला एपीयूच नाही. तिथे उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन तसंच फिरवत ठेवतात. या पद्धतीला हॉटेल मोड म्हणतात. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर पहिलं प्रवासी विमान उतरलं ते एटीआरच. ही सोय सुटसुटीत आहे, पण शेपटीत लपलेलं टर्बाइन वेगळं आणि शिडीजवळ चालणारं इंजिन वेगळं. वाऱ्याची दिशा बघावी लागते आणि माणसं जपावी लागतात. याउलट बोइंग ७८७ वर ब्लीड एअरच नाही. पॅकचे कॉम्प्रेसर विजेवर, इंजिनाची सुरुवातही विजेवर, म्हणून ७८७ च्या एपीयूला २२५ केव्हीएची दोन जनित्रं आहेत आणि जमिनीवरून वीज द्यायची तर एका प्लगने भागत नाही. ७ जानेवारी २०१३ ला बॉस्टनला बेवर उभ्या जपान एअरलाइन्सच्या ७८७ मध्ये पेटलेली बॅटरी याच एपीयूची होती. प्रवासी आधीच उतरले होते.

एपीयू बिघडलेला असला तरी नियमांत बसवून विमान काही दिवस उडवता येतं. त्या दिवशी तुमच्या स्टेशनची परीक्षा असते. जीपीयू लागेल, शिवाय इंजिन सुरू करायला दाबाची हवा देणारी एअर स्टार्टची गाडीही लागेल. ती नसेल तर एक इंजिन चालू ठेवूनच प्रवासी चढ-उतार करावी लागते किंवा विमान तिथे पाठवलंच जात नाही. एक इंजिन सुरू झालं की त्याच्या हवेवर दुसरं सुरू होतं, तेव्हा गाडी एकदाच पुरते.

माझा कल सांगतो. एरोब्रिज मिळत असेल तर पीसीए घ्या, भाव जरा जास्त असला तरी. मोकळा (एरोब्रिज नसलेला) बे आणि उष्ण गाव असेल तर दिवसाच्या छोट्या थांब्यांसाठी एपीयूच धरा आणि जीपीयू रात्रीसाठी ठेवा. मोकळा बे पण हवा बरी, डिसेंबरातलं नाशिक किंवा पुणं, तर जीपीयू दिवसाही पैसे वाचवेल. आणि जीपीयूच्या कंत्राटात तासाच्या दराआधी ही अट घाला: विमानाच्या चाकांना चोक (अडवायचे ठोकळे) लागण्याआधी जीपीयूची गाडी बेवर, तिचं इंजिन चालू, केबल सोडलेली. दरात पाच-दहा टक्के कमी-जास्त झालं तर झालं. एअर स्टार्टची गाडी कुठे उभी असते आणि तिला शेवटचं कधी चालू केलं होतं, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.