स्विंडनच्या परसात माड नाही, मग कुठला पाम?

हल्ली फोंड्यात काय नि मडगावात काय, घरटी एक तरी माणूस तिकडे इंग्लंडात आहे, स्विंडनला तर आपल्या गोंयकारांची अख्खी वस्तीच झालीये, आणि भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेलं की मागे टीचभर परस मिळतं नि मग हमखास प्रश्न येतो की इथे माड लागेल का. माझ्या भाच्याने पण हेच विचारलं. तर सरळ सांगतो, नाही लागणार. माडाला वर्षभर २७ अंशांच्या आसपासची ऊब लागते, पारा बरेच दिवस १५ च्या खाली राहिला की तो वाढायचा थांबतो आणि दव गोठायला लागलं की संपलाच. पोफळीचंही तेच. भेरली माड किंचित जास्त सोसतो पण उणे ५ त्यालाही झेपत नाही. तिकडच्या दुकानांत कुंडीत अर्धा वर आलेला नारळ आणि त्याला फुटलेला हिरवागार कोंब असं विकायला ठेवतात, बघून जीव हळहळतो, पण हिटरच्या कोरड्या हवेत आणि दुपारी चार वाजता अंधार पडणाऱ्या डिसेंबरात तो झुरत झुरत जातो, त्यात पैसे घालू नका.

मग तिकडे उघड्यावर लावायला विचार करण्यासारखे चार पाम, म्हणजे माड-ताडाच्या कुळातली झाडं, आहेत: चुसान पाम, युरोपियन फॅन पाम, ब्युटिया आणि कॅनरी खजूर. बाकीची नावं पुढे येतील पण खरी लढत या चौघांत.

निवडायच्या आधी एक गोष्ट. लेबलवर जो आकडा असतो ना, 'उणे अमुक अंशांपर्यंत टिकतो', त्यावर निवड करू नका. तो आकडा जमिनीत नीट रुजलेल्या, वयात आलेल्या झाडाचा असतो, तोही एखाद-दुसऱ्या रात्रीपुरता. नर्सरीतून आणलेलं गुडघ्याएवढं रोप कुंडीत असताना तेवढं सोसेल असं काही नाही, कारण कुंडीत मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो. आणि दुसरं म्हणजे थंडी कोरडी की ओली हे त्या आकड्यात कुठेच येत नाही, आणि इंग्लंडात सगळं गणित तिथेच फिरतं.

कुळागरवाल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, माणसाला हे समजावायला लागत नाही की पामाला शेंडा एकच. आंब्याची फांदी तुटली तर बाजूने फुटते, पण माडाच्या गाभ्यात गेंड्या भुंगा किंवा सोंड्या (पाम पोखरणारा लाल भुंगा) शिरला आणि शेंडा गेला की माड गेला. (माड झाड आहे की नाही यावरून आपल्याकडे गोव्यात २०१६ साली केवढा गदारोळ झाला होता, कायद्याच्या व्याख्येतून काढला आणि मग २०१७ ला परत घेऊन राज्यवृक्षच केला, पण झाडपणा कायद्याने दिला तरी खोडाला झालेली जखम तो आंब्यासारखी भरून काढत नाही हे खरंच आहे.) तर थंडीच्या देशात सोंड्याचं काम पाणी करतं. शेंड्याच्या बेचक्यात पाणी साचतं, गोठतं, आतला कोवळा भाग फाटतो, मग जरा ऊब आली की बुरशी शिरते आणि मधली न उलगडलेली झावळी धरून हलकेच ओढली तर सुटून हातात येते. आपल्याकडे कोंब पावसाळ्यात कुजतो, त्यांच्याकडे हिवाळ्यात. म्हणून मी म्हणेन कोरडे उणे १० परवडले, ओले उणे ५ आठवडाभर नकोत.

आता चुसान पाम, शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, कोणी विंडमिल पामही म्हणतं. मूळ चीनचा. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने १८४९ साली चुसान बेटावरून याची रोपं इंग्लंडात पाठवली, लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाला आणि राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाऊसला पण, म्हणजे हा पाम तिकडच्या ओल्या हिवाळ्यात पावणेदोनशे वर्षं राहून दाखवलेला आहे, नुसता कॅटलॉगमधला दावा नाही. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रतवारीत तो एच५ मध्ये बसतो, म्हणजे उणे १० ते उणे १५ च्या पट्ट्यात. चारांतला सगळ्यात मोठा गुण म्हणजे याला थंड, ढगाळ उन्हाळा चालतो. बाकीच्यांना हिवाळा सोसायचा तर आधी उन्हाळ्यात ऊन खाऊन अंगात ताकद भरावी लागते, हा मात्र १८-२० अंशांतही नवी पानं काढत राहतो. माती जड असली, थोडी सावली असली तरी कुरकुरत नाही, फक्त पाणी तुंबायला नको.

तोटे? दिसायला तो माड नाही. ताडासारखी पंख्याची पानं, आणि खोडावर तपकिरी केसाळ आवरण, माडाच्या झावळीच्या मुळाशी जी जाळी असते तशीच पण खोडभर. चीन-जपानात त्या तंतूंचे दोर आणि झाडू करतात, तेव्हा काथ्या वळणाऱ्या आपल्या माणसाला ते अगदीच परकं वाटू नये. दुसरा तोटा वारा, मोठी पानं वाऱ्याने चिंध्या होऊन लोंबतात आणि झाड भिकारी दिसायला लागतं. मोकळ्या, वाऱ्याच्या जागी घर असेल तर याचाच वॅग्नेरियानस नावाचा बुटका प्रकार घ्या, पानं लहान आणि ताठ, वाऱ्याला दाद देत नाहीत, थंडी तेवढीच सोसतो, मला विचाराल तर दिसायलाही जास्त देखणा आहे. आणि कोणी स्वित्झर्लंडला असेल तर हा विषय सोडा, तिकडे तिचिनो भागात हा जंगलात पसरून डोकेदुखी झालाय आणि सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

युरोपियन फॅन पाम, चॅमेरॉप्स ह्युमिलिस, याच्याशी चुसानची तुलना सगळेच करतात कारण दोघांची पानं पंख्याची. पण स्वभाव वेगळा. हा भूमध्य समुद्राच्या काठचा, खडकाळ, उन्हाच्या, पाणी न थांबणाऱ्या जागेतला, एकाच बुंध्यातून अनेक खोडं काढून झुडपासारखा पसरणारा. हे अनेक खोडांचं प्रकरण महत्त्वाचं आहे, कारण एक शेंडा मेला तरी बाकीचे असतात, त्यामुळे एका वाईट हिवाळ्यात सगळंच हातचं जात नाही. प्रतवारी एच४, म्हणजे उणे ५ ते उणे १०. आकड्यात चुसानपेक्षा एक पायरी खाली आणि ओल्या मातीत दोन पायऱ्या खाली समजा. उंची कमी, वाढ सावकाश, कुंडीत वर्षानुवर्षं राहतो, वाऱ्याला पक्का. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला याचाच एक नमुना अजून जिवंत आहे, पुढे १७८६ ला कवी ग्योथने तो पाहिला म्हणून ग्योथचा पाम म्हणूनच ओळखतात, अर्थात तो काचघरात आहे हे पण सांगायला हवं. अॅटलास पर्वतातला निळसर रुपेरी प्रकार मिळतो, फारच सुंदर, पण आणखी हळू वाढतो. एक सावधगिरी: पानांच्या देठांना दोन्ही बाजूंनी काटे असतात, साधेसुधे नाहीत, लहान पोरं अंगणात बॉल खेळत असतील तर वाटेच्या कडेला हा नकोच.

म्हणजे या दोघांत निवड अशी: जमिनीत लावायचा, चिकणमाती, उंच झालेला बघायचाय, तर चुसान. घर भाड्याचं आहे, उद्या हलावं लागेल, फरशीवर कुंडीच ठेवायची, ऊन भरपूर, तर चॅमेरॉप्स.

पण खरं सांगायचं तर आपल्या माणसाला पंख्याची पानं नकोच असतात. त्याला झावळी हवी असते. वाऱ्यावर सळसळणारी, चुडतं विणता येतील अशी वाटणारी. इथे ब्युटिया येतो, ब्युटिया ओडोराटा, जेली पाम म्हणतात, दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेचा. हा माडाच्या नात्यातला आहे, याच्या कठीण बीला नारळासारखेच तीन डोळे असतात. झावळ्या करड्या-निळसर, कमानीसारख्या खाली वळलेल्या, आणि फळं केशरी-पिवळी, आंबट-गोड, ब्राझीलमध्ये त्याची जेली, दारू सगळं करतात. वयात आलेलं झाड साधारण उणे १० पर्यंत जातं असं धरतात, पण हा उन्हाचा भुकेला आहे आणि ओली थंडी याला सगळ्यात जास्त लागते. स्विंडनसारख्या समुद्रापासून लांबच्या गावात, जिथे उणे ४-५ ही नेहमीची गोष्ट आहे आणि एखाद्या वर्षी त्याहून खाली जातं, तिथे हा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, उंचवट्यावर, खडी मिसळलेल्या मातीत लावायचा आणि दर हिवाळ्यात डोक्यावर छप्पर द्यायचं, एवढी तयारी असेल तरच. फळांची आशा तिथे ठेवू नका. कॉर्नवॉल, डेव्हनचा किनारा असेल तर जरा निवांत. आणि लिस्बनला कोणी असेल तर सरळ हाच लावा, तिथे याला काही करावंच लागत नाही.

कॅनरी खजूर, फिनिक्स कॅनेरिएन्सिस, याबद्दल मी जास्त वेळ घालवणार नाही. गार्डन सेंटरमध्ये सगळ्यात सहज मिळतो, लहानपणी झावळी बघून माडाचं रोप वाटतं, आणि लोक फसतात ते तिथेच. उणे ६-७ ला झावळ्या करपतात, लंडनच्या आतल्या भागात शहराच्या उबेमुळे मोठे झालेले आहेत, पण आतल्या गावांत भरवसा नाही. जगलाच तर टीचभर परसात मावत नाही, आणि झावळीच्या मुळाशी सुयांसारखे काटे. वर आपला सोंड्या! तो मूळचा आपल्याच बाजूचा, १९९० च्या दशकात स्पेनला पोचला, २००७ ला पोर्तुगालला, आणि त्याला सगळ्यात जास्त आवडला हाच खजूर. दक्षिण युरोपातल्या रस्त्यांवरचे शेकडो त्याने बोडके केले. म्हणजे लिस्बनवाल्यांनी तर याच्या नादी लागूच नये.

बाकीचे पटकन. नीडल पाम सगळ्यात काटक, उणे २० च्याही आसपास जातो असं वाचून लोक उडी मारतात, पण तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्याला कडक उन्हाळा लागतो, इंग्लंडात नुसता बसून राहतो, वर्षाला एखादं पान. अमेरिकेच्या कडक उन्हाळ्याच्या भागात असाल तर वेगळी गोष्ट. सेबल मायनर या तिकडच्याच बुटक्या पामाचंही असंच. आणि 'टॉर्बे पाम' म्हणून जे विकतात ती न्यूझीलंडची कॉर्डिलाइन, पाम नव्हेच, डिसेंबर २०१० च्या थंडीत ब्रिटन-आयर्लंडमध्ये ढिगाने वरून मेल्या, बऱ्याच बुडातून परत फुटल्या. स्वस्त आहे, हरकत नाही, पण माड म्हणून नको.

भारतातच थंड ठिकाणी, नैनिताल-शिमल्याकडे कोणी बदलीवर किंवा घर घेऊन असेल तर चुसानच्या भावकीतला आपला स्वतःचा पाम आहे, ट्रॅकिकार्पस टाकिल, कुमाऊंमध्ये पिथोरागढजवळ थलकेदारच्या बाजूला दोन हजार मीटरच्या वर, बर्फ पडतो तिथे उगवतो. फक्त टाकिल म्हणून विकली जाणारी बरीच रोपं प्रत्यक्षात साधी चुसानच निघतात, म्हणून जास्त पैसे मोजायच्या आधी विचार करा.

घेताना मोठं झाड घ्यायचा मोह आवरा. मध्यम रोप, चांगली पांढरी मुळं असलेलं, लवकर धरतं. लावायची वेळ मे, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी पूर्ण उन्हाळा मिळतो, सप्टेंबरात सेल लागतो तेव्हा घेऊन लगेच जमिनीत घालू नका. खड्ड्यात नुसतं चांगलं खत भरलं आणि भोवती चिकणमाती राहिली तर तो खड्डा पावसात विहीर होतो, त्यापेक्षा जमिनीच्या वर उंचवटा करून लावा. हिवाळ्यात झावळ्या वर गोळा करून सैल बांधा, वर बागेचं पांढरं फ्लीस कापड, प्लॅस्टिक नको, त्यात घाम धरून आतूनच कुजतं, आणि ऊब आली की सोडा. आणखी एक, आपल्याकडे पाडेली (नारळ पाडणारा) चढला की सुकी-अर्धी हिरवी सगळी झावळी साफ करतो, ती सवय तिकडे नको. हिरवं पान शेंड्याला वारा-गारठ्यापासून झाकतं, सुकेल तेव्हाच कापा.

आणि एवढं करूनही मार्चमध्ये मधली झावळी हातात आलीच तर लगेच उपटू नका. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) डोक्यात येईल, पण आधी शेंड्यातली कुजकी घाण काढून तिथे पाणी जाणार नाही असं वरून झाका आणि कोरडं राहू द्या. चुसान असेल तर जुलै-ऑगस्टपर्यंत वाट बघा, नवं पान बऱ्याचदा वाकडंतिकडं, अर्धं कापल्यासारखं येतं, पण येतं. ब्युटिया असेल तर तेवढी आशा नाही. चॅमेरॉप्सच्या बाजूच्या खोडांकडे आधी बघा.